नायिका जनेलातून उठली, त्याची हकीकत

तीर्थरूप प्रभावती आते हिस,

गौरवीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे लेखी. प्रत्यक्ष घालायला गेलं की आमचा कुत्रा पाठीवर येऊन बसतो.) तुझा गुडघा कसा आहे? अबोली यंदा बरी फुलली का? डिचोलीच्या नव्या डॉक्टरांनी तुला जिना चढू नका म्हणून बजावलं आणि तू त्यांना "आधी जिना बांधून द्या" म्हणालीस, हे आईकडून कळलं. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. काजूला मोहोर चांगला आहे. आईची पाठ बरी आहे, बाबांचा आवाज बरा आहे, खरं सांगायचं तर गरजेपेक्षा जास्तच बरा आहे. मी तेवढी बरी नाही, पण तेच सांगायला हे पत्र लिहितेय, म्हणून सावकाश वाच. चहा ठेवला असशील तर गॅस बंद करून ये.

आते, दोन वर्षांपूर्वीची ती दुपार तुला आठवत असेल. मी बी.ए. झाले होते, बाबांनी बी.एड.चा अर्ज आणून मेजावर ठेवला होता, त्यावर माझा फोटोसुद्धा चिकटवला होता (दोन वेण्यांचा, आठवीतला), आणि मी लेखिका होणार म्हणून पेज न जेवता खोलीत बसले होते. (खरं तर पेज जेवले होते, नुसतं लोणचं घेतलं नव्हतं. पण उपोषण ते उपोषण.) तेव्हा तू बस बदलत बदलत कोरगावला आलीस, घाम पुसत कदेल ओढून त्यावर बसलीस आणि बाबांना म्हणालीस, "दादा, आमच्या घराण्यात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ झाली, पण एकालाही ते धड बोलता आलं नाही. हिला शिकू दे." बाबांनी मेजावरचा अर्ज उचलून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. तेव्हा माझ्या शिक्षणाचं पुढे काय झालं हे कळण्याचा पहिला हक्क तुझा आहे. दोषही थोडा तुझाच आहे, पण त्याबद्दल मी मनात काही ठेवलेलं नाही.

तर पणजीला आमच्या सर्जनशील लेखनाच्या वर्गात आम्ही तिघं. एक मी. दुसरा स्वप्नील, जो फक्त आपल्या मोटरसायकलवर कविता करतो (त्यांत विरह फार आहे, कारण ती कायम गॅरेजमध्ये असते). आणि तिसऱ्या पद्मावतीबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, ज्या कथा इतकी आटोपशीर लिहितात की वाचून झाल्यावर खाली बेरीज मारावीशी वाटते. तिघांना अख्खी खोली कशाला, म्हणून संस्थेने आम्हाला स्वयंपाकशास्त्राच्या इमारतीत हलवलं. तेव्हापासून शोकांतिकेच्या तासाला पलीकडून कांदा कापल्याचा वास येतो आणि सगळे रडतात, पण श्रेय कोणाला द्यायचं ते ठरत नाही. पुढच्या वर्षी आमचा विभाग राहणार की जाणार, हे कोणालाच माहीत नाही. कार्यालयात विचारलं तर "बघू" म्हणतात. एक मत असंही आहे की आम्हाला स्वयंपाकवाल्यांतच मिसळून टाकावं. दारावरची पाटी रंगवायला एक माणूस येऊन मापंसुद्धा घेऊन गेला, पण तिच्यावर काय लिहायचं ते त्यालाही सांगितलेलं नाही.

शेवटच्या वर्षी पदवीसाठी एक कादंबरी द्यावी लागते. मी दिली. दोनशेच्या वर पानं भरली. तिची नायिका जनेलात बसलेली असते. (कादंबरीत मी 'गवाक्ष' लिहिलंय, पण तुझ्यापासून काय लपवायचं, ते आपलं स्वयंपाकघराचं जनेलच आहे, ज्यातून शेजाऱ्यांची केळ दिसते.) ती बाहेर बघते, तिला आठवतं. मग ती आत बघते, तिला आठवत नाही. केळीला घड येतो. घड कोणीतरी काढून नेतं. ती सुस्कारा सोडते. हे सगळं फार खोल आहे असं मला वाटत होतं. आमच्या मार्गदर्शक स्नेहा मॅडम बोलतात हळू, आणि वाईट बातमी असली की त्याहून हळू, त्यामुळे त्या पुटपुटायला लागल्या की आम्ही खुर्चीचे हात घट्ट धरतो. त्यांनी माझी कादंबरी पुढ्यात ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि जवळजवळ कानातच विचारलं, "गौरवी, ही उठते कधी?"

मी म्हटलं, "मॅडम, ती आतून उठते."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून नाही."

"निदान जेवायला तरी उठव गं तिला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. (पलीकडे कांदा चालू होता हे खरं, पण मला त्या क्षणी ते लक्षात आलं नाही.)

थोडक्यात, कादंबरी नापसंत. आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे आणखी एक वर्ष थांबून ती परत लिहायची, पण ते वर्ष संस्थेत असेल की नाही याचीच खात्री नाही. दुसरी वाट नियमांच्या पुस्तकात मागच्या पानावर सापडली: विद्यार्थ्याने लिहिलेलं नाटक खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांपुढे झालं आणि मार्गदर्शकांनी ते स्वतः बसून पाहिलं, तर तेही चालतं. मला नाटक कोण करू देणार? म्हणून मी सरळ रडायचं ठरवलं. पण पणजीच्या बसस्टँडवर निवांत रडायची सोय नाही. मी नुसती उभी राहून हुंदका दिला, तर एका कंडक्टरने "म्हापशे, म्हापशे, बसा, जागा आसा" म्हणून मला आत चढवलं, आणि अर्ध्या तासाने मी रडत रडत म्हापशाला पोचले. मग म्हटलं आलेच आहे तर घरीच जाऊ.

घरी सोप्यावर नाट्यमंडळ बसलं होतं. म्हणजे अध्यक्ष गोकुळदासबाब आणि त्यांच्यामागे, चादर पांघरलेलं, मंडळाचं नवं सिंहासन. तुला माहीतच आहे, आपल्या देवळाच्या जत्रेला मंडळ वर्षानुवर्षं तेच नाटक करतं, तेच संवाद, त्याच ठिकाणी टाळ्या, त्याच ठिकाणी मुलांचं रडणं. पण यंदा गोकुळदासबाबांनी हौसेने नवं सिंहासन करवून घेतलं होतं. दोन बाजूंना सिंह (एक सिंह, दुसरा जरा मांजराकडे झुकलेला), वर छत्र, पाठीला लाल मखमल. ते त्यांनी चादर काढून मला दाखवलं आणि म्हणाले, "गो बाय, असल्या सिंहासनावर जुनं नाटक शोभता काय? तू पणजीला लिवायलाच शिकतेस मगो? मग एक लिवून दी. राजा मात्र पायजे. नाय तर ह्याच्यावर बसणार कोण?"

आते, माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर देवाची कृपा म्हणून गप्प बसलं असतं. मी म्हटलं, नाटक देते, पण माझ्या पद्धतीने देते. कादंबरीच आटवून तिचा एक अंक केला. एक बाई, एक जनेल, ती प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेली, आणि बराच वेळ शांतता. शांततेसाठी मी कंसात 'दीर्घ' असं लिहिलं होतं. काही ठिकाणी 'अतिदीर्घ'. देवळाच्या अग्रशाळेत त्याचं वाचन ठेवलं. वाचनात शांतता कशी वाचायची हे मला सुचलं नव्हतं, म्हणून मी त्या जागी नुसती थांबत होते, आणि दर वेळी गोकुळदासबाब "संपलं?" म्हणून उठत होते.

संपल्यावर पहिले बोलले ते आपले शांतारामकाका. ते पेडणे-म्हापसा मार्गावर आयुष्यभर कंडक्टर होते आणि मंडळाचे ते मुख्य नट. दर वर्षी ते रंगमंचावर मरतात. लोक लांबून लांबून ते बघायला येतात. मांद्र्याहून एक कुटुंब फक्त तेवढ्यासाठी येतं, आणि काका मेले की उठून खाजे घ्यायला जातं. काकांनी मला अगदी प्रेमाने विचारलं, "आणि बाय, मी मरतो खंय?"

"काका, या नाटकात कोणी मरत नाही."

काकांना खरोखरच काळजी वाटली. "मग नाटक संपलं ते लोकांना कळणार कसं?"

ह्याचं उत्तर आमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. मग उठली प्राजक्ता. ती पंचायतीत नोकरीला आहे, गेली काही वर्षं नायिका तीच असते, आणि तिचा मुद्दा वेगळाच होता. "पाठ करून बसू? माझ्या आईने बेळगावला जाऊन साडी आणली ती काय पाठ दाखवायला? काठ पुढे असतात गो, नक्षी पुढे असते. मागे काय आहे? मागे पिना आहेत."

त्या दिवसापासून माझ्या कलाकृतीची तडजोड सुरू झाली, आणि आते, तडजोड ही सुक्या सुंगटांच्या वासासारखी असते, एका खोलीत ठेवते म्हटलं तरी सगळ्या घरात जाते. आधी ठरलं की प्राजक्ताने तोंड प्रेक्षकांकडे करायचं आणि जनेल तिच्या मागे ठेवायचं. (म्हणजे ती जनेलातून बाहेर बघण्याऐवजी लोकांकडे बघणार, आणि जनेल तिच्याकडे बघणार.) मग ठरलं की तिला एका राजाचं स्वप्न पडतं. स्वप्नात मखमल आली, छत्र आलं, दोन्ही सिंह आले. मग राजा आलाच आहे तर त्याने मरावं. मरणार आहे तर त्याला आधी भाषण हवं. भाषण हवं तर मागे वादळ हवं, म्हणून गोकुळदासबाबांनी लग्नाच्या हॉलवाल्याकडून धूर सोडायचं यंत्र आणलं. माझी दीर्घ शांतता सगळीच्या सगळी कापली गेली. अतिदीर्घमधली थोडी राहिली होती, तिथे काकांनी खोकायचं कबूल केलं. आणि नायिकेचं शेवटचं स्वगत, कादंबरीच्या शेवटच्या पानावरचं, ज्याच्यासाठी मी अख्खी कादंबरी लिहिली होती, ते गोकुळदासबाबांनी पहिल्याच दिवशी तांबड्या पेनने काढलं. "राजा मेल्यावर बायकोचं बोलणं कोण ऐकतो गो?" हे त्यांचं म्हणणं.

ह्या सगळ्यात बाबा गप्प होते. तुला ठाऊकच आहे, बाबा मंडळाचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून नटाला पुढचं वाक्य सांगायचं, तेही नटालाच ऐकू जाईल असं. पण बाबांचा आवाज विंगेत मावत नाही. आपल्या गावात नाटक लोक दोनदा ऐकतात, आधी बाबांकडून आणि मग नटाकडून, आणि बाबांचंच जास्त चांगलं होतं असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. रोज तालमीला बाबा येत, माझे संवाद ठणठणीत आवाजात पुरवत, आणि घरी येऊन जेवत. नाटक कसं वाटलं म्हणून मी एकदा विचारलं, तर आमटीत बघत म्हणाले, "अक्षर बरं आहे." बी.एड.चा अर्ज अजून कपाटात वरच्या फळीवर आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. हे नाटक पडलं की तो खाली येणार होता.

जत्रेच्या दिवशी स्नेहा मॅडम पणजीहून आल्या. मी त्यांना मागच्या रांगेत, कोपऱ्यात, खांबाआड बसवणार होते, पण गोकुळदासबाबांनी त्यांना हेरलं, हार घातला, माइकवरून "आमच्या गौरवीबायची मास्तरीण" म्हणून ओळख करून दिली आणि नारळ फोडायला दिला. मॅडमनी तो इतका हळू आपटला की तो फुटण्याऐवजी घरंगळत पहिल्या रांगेखाली गेला. तो शोधण्यात थोडा वेळ गेला. त्यानंतर त्यांना पहिल्याच रांगेत, आइस्क्रीमच्या गाडीला लागून, बसवण्यात आलं. ऊन नुकतंच उतरलं होतं. खाजेवाले, चणेवाले, फुगेवाले सगळे आपापल्या जागी होते, आणि मी विंगेत बाबांच्या स्टुलामागे उभी राहून देवीला मनातल्या मनात सांगत होते की ह्या खेपेला तेवढं सांभाळ, मी परत कधी 'गवाक्ष' लिहिणार नाही.

पडदा वर गेला. प्राजक्ता बेळगावच्या साडीत बसलेली, तोंड लोकांकडे, मागे जनेल. नाटकाप्रमाणे तिने शून्यात बघायचं होतं. पण आते, आपल्या गावात शून्य आणायचं कुठून? जिथे बघावं तिथे कोणीतरी ओळखीचं. तिने आधी मान डोलावली, मग हसली, मग कोणाला तरी हातानेच 'कधी आलीस?' म्हणून विचारलं. मग धूर सुटला. लग्नाच्या हॉलमध्ये जो धूर पुरतो तो आपल्या एवढ्याशा मंचावर पुरून उरला. त्या धुरातून शांतारामकाका राजाच्या वेषात आले, मंचाच्या खांबावर दोन थापा मारल्या (ती त्यांची जुनी सवय, थापा मारल्याशिवाय त्यांना पुढे सरकता येत नाही), आणि रुबाबात सिंहासनाच्या शेजारी बसले. म्हणजे जमिनीवर. सिंहासन धुरात त्यांना दिसलंच नाही. गोकुळदासबाब दुसऱ्या विंगेतून "डावीकडे! डावीकडे!" करत होते, पण काकांना भाषण आठवलं होतं, आणि आठवलेलं भाषण ते कधी सोडत नाहीत.

भाषण संपवून काका मरायला लागले. हे वर्णन मी लिहू शकत नाही, आमच्याकडे ह्याचा तास अजून व्हायचा आहे. ते आधी उभ्याने मेले, मग गुडघ्यावर, मग परत उठून दुसऱ्या बाजूच्या लोकांना दिसावं म्हणून तिकडे जाऊन मेले, आणि शेवटच्या घटकेला आधार म्हणून त्यांनी माझं जनेल धरलं. जनेल आलं. चौकटीसकट, पडद्यासकट, केळीच्या चित्रासकट ते काकांच्या अंगावर आलं, आणि त्याच क्षणी, धुराचं यंत्र, आइस्क्रीमची गाडी आणि मंचाचे दिवे एकाच तारेवर जोडल्यामुळे, फ्यूज गेला. दिवे गेले, माइक गेला, पेटीवाल्याने पेटी मिटली. मांद्र्याचं ते कुटुंब खाजे घ्यायला उठलं.

संध्याकाळचा थोडासा उजेड होता, त्यात प्राजक्ता एकटी स्टुलावर बसलेली दिसत होती. जनेल नाही, राजा नाही (होता, पण चौकटीखाली), पुढचं वाक्यही नाही, कारण पुढे ती ओरडून 'प्राणनाथ!' म्हणणार होती आणि ते म्हणायला प्राणनाथ दिसायला हवा होता. ती घाबरून विंगेकडे बघायला लागली. मी बाबांच्या हातातल्या कागदांकडे बघितलं. बाबांनी ते मिटून मांडीवर ठेवले होते. अंधारात वाचता येत नव्हतंच. आणि मग त्यांनी आपल्या त्या विंगेत न मावणाऱ्या आवाजात सुरुवात केली, "मी इतकी वर्षं बाहेर बघत बसले."

आते, हे वाक्य नाटकात नव्हतं. हे कादंबरीच्या शेवटच्या पानावरचं, तांबड्या पेनने काढलेलं. प्राजक्ताला त्याचं काय? बाबांनी म्हटलं की तिने म्हणायचं, इतक्या वर्षांची सवय. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं बाहेर बघत बसले."

"मला वाटायचं, माझं माणूस तिकडून येणार आहे."

"मला वाटायचं, माझं माणूस तिकडून येणार आहे."

"ते घरातच होतं. मी कधी मागे वळून बघितलं नाही."

प्राजक्ता तेही म्हणाली, आणि आपसूक मागे वळली. जत्रेत कोणी बोलत नव्हतं. फुगेवालासुद्धा पिपाणी वाजवायचा थांबला होता. (आते, ती माझी शांतता होती. दीर्घ. कापलेली सगळीच्या सगळी परत आली होती.) स्वगत संपलं आणि प्राजक्ता तशीच बसून राहिली, कारण कादंबरीत ती तशीच बसून राहते. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मंचाकडे तोंड करून त्यांनी एवढ्या जोरात सांगितलं की देवळामागच्या कुळागरातून पाखरं उडाली, "आता ऊठ गो बाये!"

हे माझ्या कादंबरीत कुठेच नाही. प्राजक्ता उठली. पहिल्या रांगेत स्नेहा मॅडमही उठल्या, कारण त्यांना वाटलं आपल्यालाच सांगितलं. मग सगळी जत्रा उठली आणि टाळ्या पडल्या त्या अशा की चौकटीखालून शांतारामकाका बाहेर आले, टाळ्या आपल्याच म्हणून त्यांनी नमस्कार केला, आणि वन्स मोअर समजून परत एकदा मेले. मी विंगेत बाबांच्या पाठीला डोकं टेकून रडत होते. जवळपास कांदा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दारापुढच्या बाल्कांवात बसून दाढी करत होते तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्ही कादंबरी कधी वाचलीत?"

"हल्लीच," बाबा म्हणाले. "तुझी आई म्हणाली, पोर काय लिहिते ते बघा तरी. म्हणून जनेलात बसून घेतली वाचायला. तुझी ती बाई काय उठेना, मग मीपण उठलो नाही. मधे चहा तेवढा घेतला." आणि मग गालावरचा साबण पुसत, "शेवट पाठ झाला. बरा आहे तो."

मॅडमचा निर्णय त्याच आठवड्यात आला. नाटक त्यांनी मान्यही केलं नाही आणि अमान्यही केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की रंगमंचावर जे काही झालं त्यातलं माझं किती, मंडळाचं किती आणि फ्यूजचं किती, हे ठरवता येत नाही. पण नायिका उठली ही फार मोठी प्रगती आहे. ज्याच्या सांगण्यावरून ती उठली तो विंगेतला माणूस मात्र कादंबरीत कुठे दिसत नाही. त्याला आत आणा आणि कादंबरी पुन्हा लिहा, मुदत एक वर्ष. ते वर्ष संस्थेत असेल का, असं मी विचारलं, तर त्या इतकं हळू बोलल्या की फोनवर मला फक्त फोडणीचा आवाज ऐकू आला.

तर आते, असं आहे. पदवी नाही, पण नापासही नाही. विभाग असेल की नसेल ठाऊक नाही. पण बी.एड.चा अर्ज बाबांनी स्वतः कपाटातून काढला आणि त्यावरचा माझा फोटो सोडवून घेतला. (अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आई आता दुधाचा हिशेब लिहिते.) तू त्या दुपारी माझ्यासाठी भांडलीस ते वाया गेलेलं नाही. माझी काळजी करू नकोस. मला कशाचीही कमी नाही आणि माझं तुझ्याकडे काहीही मागणं नाही. अबोलीला जप, गुडघ्याला जप.

तुझी लाडकी,
गौरवी

ता.क. काहीही मागणं नाही असं वर लिहिलं, पण एक बारीकशी अडचण आहे. विंगेतल्या माणसाला कादंबरीत आणा असं मॅडमनी सांगितल्यापासून बाबांची समजूत झाली आहे की कादंबरी आता त्यांची आहे. पूर्वी घरात माझं लिहिणं कोणी वाचत नाही म्हणून मी रडत होते. आता सकाळी डोळे उघडते तर उशाशी बाबा, कालचं पान हातात घेऊन. त्यांच्या मते दुसऱ्या प्रकरणात विहिरीच्या हद्दीवरून कोर्टकज्जा हवा, चौथ्यात नायिकेने स्कूटर शिकावी, आणि कादंबरीचं नाव 'पेडण्याची रणरागिणी' असावं. मी लिहिलेलं ते अंगणात उभे राहून मोठ्याने वाचून बघतात, त्यामुळे पोदेरालासुद्धा कथानक माहीत झालंय. काल पाव देताना तो मला म्हणाला, "बाय, त्या वकिलाचो भरवंसो धरूं नाका."

दुसरा ता.क. तुझी मागची खोली रिकामीच असते ना? परसाकडची, जिच्यात तू आमसुलं वाळवतेस? मला वर्षभरासाठी दे. आमसुलं हलवायची गरज नाही, मी त्यांच्या कडेकडेने राहीन. पणजीला डिचोलीहूनही बस आहे, म्हणजे विभाग राहिला तर जाता येईल, आणि गेला तर येता येईल. बाबांना खरं कारण कळवू नकोस, त्यांना वाईट वाटेल. तुला सोबत हवी आहे असं कळव, आणि असं कळव की सोबत बाईमाणसाचीच हवी.

तिसरा ता.क. हे पत्र पोस्टाने कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून मीच घेऊन आलेय. तुझ्या सोप्यावर बसून हे लिहितेय. तू दुपारची झोपली आहेस आणि मला उठवायचा धीर होत नाही, म्हणून पत्र दाराखालून सरकवते. उठलीस की सावकाश वाच, मग दार उघड. माझ्याबरोबर एक पिशवी, एक उशी आणि कुत्रा आहे.

चौथा ता.क. आते, सावकाश वाचू नकोस. लगेच दार उघड. आत्ताच बाबा फाटकातून आत आले. माझ्या मागचीच बस पकडून आले म्हणतात, पाचवं प्रकरण मी घरीच विसरले होते ते द्यायला. मधे त्यांनी दोन पानं स्वतःची घातली आहेत, आणि ती ते आता इथूनच, मोठ्याने, तुला वाचून दाखवणार आहेत.